सोलापुरातून विमानाने जायचंय आणि सोबत किट बॅग आहे? मग काउंटरवर जाण्याआधी हे माहीत हवं

सोलापूरच्या खेळाडूंचं आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसचं नातं जुनं आहे. रात्री स्टेशनवर यायचं, किट बॅग बर्थखाली ढकलायची, नाहीच बसली तर पायापाशी उभी करायची आणि सकाळी मुंबईत उतरून थेट मैदान गाठायचं. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान मोफत नेता येतं आणि बॅग किती लांब आहे हे टेप लावून बघायला सहसा कुणी येत नाही. त्यामुळे सामानाचा विचार करायची वेळच कधी आली नाही.

आता मात्र ती वेळ आली आहे.

होटगी रोडवरच्या विमानतळाची गोष्ट सगळ्या सोलापूरकरांना पाठ आहे. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी, त्यावरून झालेली आंदोलनं आणि १५ जून २०२३ ला ती चिमणी जमीनदोस्त होणं. पुढे ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचं. रात्रभराचा प्रवास तासाभरावर आला. पण रेल्वेत जी बॅग बिनबोभाट जायची तीच विमानतळावर काट्यावर ठेवली जाते, तिची लांबी बघितली जाते आणि मग प्रश्न सुरू होतात. निवड चाचणीला निघालेल्या पोराला हे प्रश्न काउंटरवर पहिल्यांदा ऐकायला मिळाले, तर प्रवासाची सुरुवातच घामाघूम होऊन होते.

तर नियम नेमके काय आहेत आणि ते तसे का आहेत ते बघू.

बॅट हातात घेऊन विमानात का बसता येत नाही?

विमानाच्या केबिनमध्ये काय चालतं आणि काय नाही हे भारतात विमान कंपनी ठरवत नाही. ते काम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचं, म्हणजे बीसीएएसचं आहे. त्यांच्या मनाई यादीत क्रिकेट बॅट, बेसबॉल बॅट, हॉकी स्टिक, गोल्फ क्लब, बिलियर्ड्सची क्यू, स्कीचे दांडे, धनुष्यबाण असं सगळं एका ओळीत बसलेलं आहे. कारण सरळ आहे. ज्या वस्तूने कुणाला तरी मारता येईल ती प्रवाशाच्या हाताशी नको.

त्यामुळे 'बॅट नवीन आहे, सहा महिने पैसे साठवून घेतली आहे, मांडीवर ठेवून नेतो' अशी कितीही विनवणी केली तरी सुरक्षा तपासणीतला जवान ऐकू शकत नाही. त्याच्या हातात ते नाहीच. तसंही क्रिकेटच्या नियमाप्रमाणे बॅट जास्तीत जास्त ३८ इंच, म्हणजे ९६.५ सेंटीमीटर लांब असू शकते आणि केबिन बॅगची मर्यादा बहुतेक कंपन्यांमध्ये ५५ सेंटीमीटरच्या आसपास असते. सुरक्षा सोडली तरी मापात ती बसत नाही.

टेनिस आणि बॅडमिंटनवाले इथे थोडे सुखी आहेत. त्यांच्या रॅकेट सहसा केबिनमध्ये चालतात, फक्त बॅग मापात बसली पाहिजे. पण शेवटचा शब्द तपासणी करणाऱ्याचा. कुस्तीत चांदीची गदा जिंकून परतणाऱ्या पैलवानाने मात्र ती खांद्यावर घेऊन विमानात चढायचा विचार सोडून द्यावा. फोटो विमानतळाबाहेर काढावा आणि गदा चेक-इनला द्यावी.

वजनापेक्षा लांबी जास्त त्रास देते

सामान म्हटलं की लोक फक्त किलो मोजतात. देशांतर्गत साध्या तिकिटावर चेक-इनला साधारण १५ किलो आणि केबिनमध्ये ७ किलो हे आता बहुतेकांना माहीत झालंय. दोन बॅट, पॅड, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, थाय पॅड, बूट मिळून क्रिकेटची किट १० ते १५ किलोत बसते. गोल्फचा सेट बॅगसकट साधारण तेवढाच भरतो, कारण गोल्फच्या नियमाने एका खेळाडूला १४ पेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत.

मग अडतं कुठे? तर मापात. चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत असावी असा नियम बऱ्याच कंपन्या लावतात. आता हिशोब करा. किट बॅग ९५ सेंटीमीटर लांब, ३५ रुंद आणि ३५ उंच असेल तर बेरीज होते १६५. म्हणजे वजन १२ किलोच आहे, तरी बॅग 'ओव्हरसाइझ'. गोल्फची ट्रॅव्हल बॅग तर सव्वा मीटरच्या वर जाते, तिचा प्रश्नच नाही.

म्हणूनच विमान कंपन्यांनी क्रीडासाहित्याचा वेगळा खाना केलेला असतो. गोल्फ, सायकल, सर्फबोर्ड यांचे नियम त्यात ठळक लिहिलेले दिसतात. काही ठिकाणी गोल्फ बॅग नेहमीच्या वजनातच धरतात, काही ठिकाणी ठरावीक शुल्क घेतात. क्रिकेट किटचं नाव मात्र परदेशी कंपन्यांच्या यादीत शोधून सापडेलच असं नाही, ती 'इतर साहित्यात' ढकलली जाते. ज्यांनी नियम लिहिले त्यांच्याकडे कोणता खेळ खेळतात यावर ते अवलंबून आहे, दुसरं काय.

यातून वाट एकच. तिकीट काढतानाच किंवा नंतर कंपनीच्या साइटवर जाऊन क्रीडासाहित्य आधी नोंदवायचं. आधी भरलेले पैसे काउंटरवर भराव्या लागणाऱ्या पैशांपेक्षा जवळपास नेहमीच कमी असतात. नोंदीचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये असू द्यावा.

सोलापुरात एक अडचण जास्तीची आहे

मुंबई-दिल्ली मार्गावरचं मोठं विमान आणि सोलापुरात उतरणारं विमान यात फरक आहे. गोव्याच्या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान सुरू झालं, ७० च्या आसपास सीट्सचं. मुंबईच्या मार्गावर एम्ब्रेअर १७५ आलं, तेही छोटंच जेट.

एटीआरमध्ये सामान पोटात जात नाही. पुढे पायलटची केबिन आणि प्रवाशांची केबिन यांच्या मधे एक सामानाची खोली असते आणि एक मागे शेपटाकडे. म्हणूनच या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात. या खोल्यांमध्ये कंटेनर नसतात, बॅगा हाताने एकेक करून रचल्या जातात. एक गोल्फ बॅग सहज जाते. अख्खा संघ १५ किट बॅगा घेऊन आला की मात्र लोड लावणाऱ्याला कसरत करावी लागते.

त्यात सोलापूरचं ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो. तापलेली हवा विरळ होते, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. इथली धावपट्टी सुमारे २,१०० मीटरची आहे, मोठ्या विमानतळांइतकी लांब नाही. अशा वेळी विमान सुरक्षित उडावं म्हणून एकूण वजनावर मर्यादा घालावी लागू शकते. प्रवासी आणि इंधन यांना पहिला मान, जास्तीच्या सामानाचा नंबर शेवटचा. 'एक्स्ट्रा बॅगेज जागा असेल तरच' ही बारीक अक्षरातली ओळ लोक वाचत नाहीत, पण छोट्या विमानात दुपारच्या उन्हात तीच ओळ महत्त्वाची ठरते.

म्हणून संघ जाणार असेल तर मॅनेजरने विमान कंपनीला काही दिवस आधी बॅगांची संख्या, वजन आणि माप कळवणं शहाणपणाचं. आणि सामना ज्या दिवशी आहे त्याच दिवशी सकाळी पोचायचं धाडस करू नये. बॅग पुढच्या विमानाने आली तर हाताशी एक दिवस हवा.

१५ किलो आणि ४६ किलोचा सापळा

हा सापळा परदेशी निघालेल्यांसाठी. समजा पोरगी अमेरिकेत शिकायला चालली आहे. मुंबई ते अमेरिका तिकिटावर तिला २३ किलोच्या दोन बॅगा आहेत, म्हणजे ४६ किलो. कपडे, चटण्या, कडक भाकरी आणि सोबत क्रिकेट किट असं सगळं व्यवस्थित बसवलं. पण सोलापूर-मुंबई तिकीट तिने वेगळं काढलं. मग त्या पहिल्या विमानाला ४६ किलोशी काही देणंघेणं नाही. तिथे तिला १५ किलोच मिळणार आणि वरच्या ३१ किलोंचे पैसे किलोमागे मोजावे लागणार. शिवाय वेगळ्या तिकिटांवर बॅग आपोआप पुढे जात नाही. मुंबईत पट्ट्यावरून उचलायची, आंतरराष्ट्रीय काउंटरवर नेऊन पुन्हा द्यायची, तिथे मापाचे नियम पुन्हा नवे.

यात खरं सांगायचं तर जड बॅगा आदल्या रात्री सिद्धेश्वरने कुणासोबत पाठवणं आजही स्वस्त पडतं. विमान आलं म्हणून रेल्वेला रागवायचं कारण नाही.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. तिथे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. स्पाइक्सला, गोल्फच्या बुटांना, सायकलच्या टायरला माती चिकटलेली असेल तर ती घोषित करावी लागते. लपवली आणि सापडली तर दंड. बूट घासून, वाळवून न्यावेत आणि लाकडी बॅटसुद्धा फॉर्मवर लिहावी.

पॅकिंग करताना काय मोडतं आणि का

गोल्फ क्लबमध्ये सर्वात आधी मोडतो तो ड्रायव्हर. तो सगळ्यात लांब असतो, त्यामुळे बॅग उभी आपटली किंवा वरून काही पडलं की पूर्ण धक्का त्याच्या डोक्याखालच्या दांड्यावर येतो. यावरचा उपाय साधा आहे. ड्रायव्हरपेक्षा थोडा उंच असा एक मजबूत दांडा बॅगेत उभा ठेवतात. बॅग उलटी पडली तरी पहिला मार तो दांडा खातो. आजकालच्या बऱ्याच ड्रायव्हरचं डोकं स्क्रूने निघतं, ते काढून मोज्यात गुंडाळून ठेवलं तर चिंता आणखी कमी. फक्त तो छोटा पाना बॅगेतच ठेवायला विसरू नये, नाहीतर पोचल्यावर डोकं आणि धड वेगळं घेऊन बसावं लागेल.

बॅटचं दुखणं वेगळं. तिची कड आणि खालचा टो नाजूक असतो. बॅगेत दोन बॅट एकमेकींना घासत ठेवण्यापेक्षा त्यांच्यामध्ये पॅड घालावेत, हँडल एकीचं वर आणि एकीचं खाली. सोलापूरकरांना गुंडाळायला काही शोधायला लांब जायला नको. जीआय मानांकन मिळालेले टॉवेल आणि चादरी घरातच आहेत. त्यातला टॉवेल घ्यावा. चादर प्रेमाची असली तरी वजन खाते.

सायकल न्यायची तर पेडल काढायचे, हँडल वळवायचं, पुढचं चाक सोडवायचं आणि टायरमधली हवा कमी करायची. मोठ्या जेट विमानांत सामानाच्या जागेतही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे टायर फुटेल ही भीती फारशी खरी नाही. तरी कंपन्या हवा कमी करायला सांगतात आणि काउंटरवर वाद घालण्यापेक्षा दोन मिनिटं व्हॉल्व्ह दाबलेला बरा. फुटबॉललाही तेच लागू.

किट बॅगेत न दिसणारं सामान जास्त धोक्याचं. ग्रिप चिकटवायचं सोल्यूशन ज्वलनशील असतं, ते विमानात चालतच नाही. ट्रेकिंगवाल्यांचा गॅसचा डबाही नाही. दुखण्यावरचा स्प्रे चालतो, पण मर्यादेत: एक डबा अर्धा लिटरपेक्षा मोठा नको आणि औषधं-प्रसाधनं मिळून दोन लिटरच्या वर नको. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनला द्यायच्या नाहीत, त्या केबिनमध्येच. गोल्फच्या इलेक्ट्रिक ट्रॉलीची किंवा ई-सायकलची बॅटरी १६० वॉट-अवरच्या वर असेल तर ती प्रवासी सामान म्हणून जातच नाही. ई-सायकलच्या बॅटऱ्या याच्या दुप्पट-तिप्पट असतात, म्हणजे सायकल पोचली तरी चालवायची कशी हा प्रश्न उरतो.

नेमबाजांचं प्रकरण स्वतंत्र लेखाचं आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यापासून २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेपर्यंत महाराष्ट्राने नेमबाज दिले आणि या सगळ्यांना शस्त्र घेऊनच फिरावं लागतं. थोडक्यात सांगायचं तर रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत आणि चेक-इनमध्येच. मूळ परवाना सोबत आणि काउंटरवर घोषणापत्र. काडतुसं वेगळी, जास्तीत जास्त ५ किलो. विमानतळावर नेहमीपेक्षा खूप आधी पोचायचं, कारण प्रत्येक कागद दोन-तीन ठिकाणी तपासला जातो.

आणि काही साहित्य असं असतं की नियम पाळायची इच्छा असली तरी ते विमानात मावत नाही. पुरुषांचा भाला २.६ ते २.७ मीटर असतो, पोल व्हॉल्टचा पोल चार-पाच मीटरचा. छोट्या विमानात पोल नेणं अशक्यच. मग पोल रस्त्याने पुढे पाठवायचे किंवा तिथे उसने घ्यायचे. उसन्या पोलवर काय होतं ते २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दिसलं. ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल अंतिम फेरी चालू असताना मैदानातच हरवला. आयोजकांशी वाद घालून, शोधून ती थकली, दुसऱ्या पोलने उडी जमली नाही आणि पदक गेलं. तीच मुरेर २०११ मध्ये जागतिक विजेती झाली. प्रत्येक पोल ठरावीक वजनाच्या खेळाडूसाठी ठरावीक लवचिक असतो, त्याला पर्याय म्हणून 'दुसरा घे की' म्हणता येत नाही.

बॅग हरवली तर किती मिळतं? आकडा ऐकून वाईट वाटेल

हे फक्त नवख्यांच्याच बाबतीत होतं असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दीपक चहर न्यूझीलंडहून ढाक्याला पोचला तेव्हा दुसऱ्या दिवशी सामना होता आणि त्याचं सामान आलेलं नव्हतं. त्याने ते जाहीरपणे ट्विटरवर लिहिलं. एप्रिल २०२३ मध्ये आयपीएलच्या दिल्ली कॅपिटल्स संघाच्या किट बॅगा बेंगळुरूहून दिल्लीला आल्या तेव्हा त्यातून १६ बॅट, पॅड, बूट गायब होते. वॉर्नर, मार्श यांच्या बॅटही त्यात होत्या. बोभाटा झाला, तपास झाला आणि सामान सापडलंही. संघ मोठा होता, बातमी देशभर गेली. सोलापूरच्या १६ वर्षांखालच्या मुलाची बॅग हरवली तर बातमी होत नाही.

देशांतर्गत प्रवासात चेक-इन सामान हरवलं, उशिरा आलं किंवा मोडलं तर विमान कंपनीची कमाल जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. कमाल, म्हणजे तेवढे मिळतीलच असंही नाही, नुकसान दाखवावं लागतं. चांगल्या इंग्लिश विलोच्या एका बॅटची किंमत यापेक्षा जास्त असते. गोल्फच्या पूर्ण सेटचं तर बोलायलाच नको. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराची मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली आहे, रुपयांत ती साधारण पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. म्हणजे तीच बॅट, तीच बॅग, फक्त विमान कुठे चाललंय यावर तिची किंमत बदलते. आणि नवी बॅट विकत घेऊन भागत नाही, कारण ती कित्येक तास ठोकून तयार केल्याशिवाय सामन्यात वापरता येत नाही. त्याची भरपाई कुठल्याच तक्त्यात नाही.

कायद्यात एक सोय मात्र आहे जी फार कमी लोक वापरतात. चेक-इन करताना सामानाची किंमत विशेष घोषित करता येते आणि जास्तीचं शुल्क भरलं तर भरपाईची मर्यादा त्या किमतीपर्यंत जाते. काउंटरवर हे आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं. प्रवास विमा काढला असेल तर त्यात क्रीडासाहित्य धरलंय की वगळलंय तेही वाचावं, कारण बऱ्याचदा ते वगळलेलं असतं. आणि काउंटरवर 'लिमिटेड रिलीज' असा टॅग लावून सही मागितली तर तो काय आहे हे समजून घ्यावं. सामान नाजूक आहे किंवा नीट बांधलेलं नाही, नुकसान झालं तर आमची जबाबदारी नाही, असा त्याचा अर्थ असतो. कडक ट्रॅव्हल केसमध्ये सामान असेल तर ती सही टाळता येण्याची शक्यता वाढते.

घरातून निघताना उघड्या बॅगेचा एक फोटो, बंद बॅगेचा एक फोटो आणि बॅटच्या बिलाचा एक फोटो काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात. एक ट्रॅकर बॅगेत टाकला तर बॅग गोव्यातच राहिली की मुंबईला गेली हे कंपनीआधी कळतं. बूट, ग्लोव्ह्ज, एक जर्सी आणि हेल्मेट केबिन बॅगेत ठेवले तर निदान उसन्या बॅटवर सराव करता येतो. लोखंडी खिळ्यांचे स्पाइक्स मात्र चेक-इनमध्येच बरे.

बॅग मोडलेली किंवा उसवलेली मिळाली तर विमानतळाबाहेर पडू नये. पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल लिहून घ्यायचा आणि त्याची प्रत हातात घ्यायची. घरी गेल्यावर लेखी तक्रार द्यायला मोडतोडीसाठी ७ दिवस आणि उशिरासाठी बॅग हातात आल्यापासून २१ दिवस मिळतात. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकता येते. त्यानेही काम झालं नाही तर ग्राहक आयोग आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. बॅग मोपाला हरवली असली, कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं, तरी सोलापूरच्या खेळाडूला अर्ज सोलापुरातच करता येतो.